स्वमत

पूर्वपरीक्षेचा गठ्ठा. दहावी ब. मराठी.
बाहेर केळीच्या गाड्या चोपड्याकडे चाललेल्या,
रस्त्यावर चिकाचे काळे डाग.

वरून तक्ता आलाय भरायला:
मुली उत्तीर्ण, मुलगे उत्तीर्ण, टक्केवारी, तफावत,
आणि शेवटी, तफावतीची कारणे, थोडक्यात.
रकाना दोन बोटं रुंद.
मुख्याध्यापक म्हणाले, "मागच्या वर्षीचंच टाका, बाई.
मुली अभ्यासू असतात. मुलांचं लक्ष नसतं."

हर्षालीचा पेपर.
दोन पुरवण्या, पांढऱ्या दोऱ्याची गाठ
आई वेणीला मारते तशी घट्ट.
दिवाळीनंतर बावीस दिवस ती शाळेत नव्हती.
मी हजेरीत गैरहजर लिहीत होते, ती कापूस वेचत होती.
बोंडांनी नखांच्या कडा सोललेल्या,
त्याच बोटांनी हे अक्षर. कुठे खाडाखोड नाही.
पहाटे कळण्याच्या भाकरी, मग झाडलोट, मग पाणी, मग दप्तर.
एकदा विचारलं होतं, वाचतेस कधी गं?
म्हणाली, "शाळामाच. आठे बसाले भेटस ना, मॅडम."

नापास झाली तर काय, हे तिला कुणी सांगायला नको.
शिरपूरकडचं एक स्थळ
दोनदा चहा पिऊन गेलंय.

भूपेशचा पेपर.
अर्ध्या तासात उठला होता.
उतारा कोरा, व्याकरण कोरं, कविता कोरी,
निबंधाला नुसतं शीर्षक, खाली दुहेरी रेघ.
रात्री गाडी भरायला जातो, पाचशे रोख.
घड खांद्यावर घेतला की सांगतो, अठरा किलो, वर पाव.
काटा त्याच्या मागून तेच बोलतो.
तो नापास झाला तर?
काही नाही.
हे त्याचं सुख की दुखणं, चौदा वर्षं शिकवून मला कळलेलं नाही.
सातबारा आहे तसाच राहील, मोटरसायकलही,
दोस्त मळ्यात भरताची वांगी भाजतील,
बाप म्हणेल, "पोऱ्या शे. करी लेई काहीतरी."
काय करून घेईल, हे कुणी विचारणार नाही,
तोही नाही.

मग प्रश्न पाचवा. स्वमत, गुण चार. मीच काढलेला:
तुमच्या घरातील कामांची वाटणी योग्य आहे का?

हर्षाली लिहिते:
'घर हे मंदिर असते. घरातील प्रत्येकाने
आपापले कर्तव्य आनंदाने पार पाडावे.'
नऊ ओळी, पट्टीने आखलेल्या समासाच्या आत.
त्यात ती कुठेच नाही.

भूपेश पानभर. शुद्धलेखन आडवं पडलेलं:
'आमच्या घरी वाटनी बरोबर नाही.
बहीन हुशार आहे पन पानी तीच भरते.
मी हंडा उचलला तर ओट्यावरचे हसतात.
माझं मत आहे की हसू द्यावं.
पन मी उचलत नाही.'

लाल पेन बराच वेळ हातातच राहिला.
त्याला साडेतीन. एकूण अकरा.
तिला तीन. एकूण त्र्याहत्तर.
ते तीन कशाचे दिले? अक्षराचे असावेत.
मीही केंद्रात पहिली आले होते.
अक्षर माझंही चांगलं होतं.

पेपर वाटले. मधल्या सुट्टीत हर्षाली आली,
एका गुणासाठी.
म्हटलं, यात तुझं मत नाहीये.
ती दोरा सोडत राहिली, बांधत राहिली, सोडत राहिली.
"मॅडम, मनं मत लिखतू
तं पुरा मार्क भेटतात का?"

मी लगेच हो म्हणाले नाही.

तक्ता उद्या पाचपर्यंत द्यायचा आहे.
शिपाई दोनदा डोकावून गेला.